रोपं पाच हजार, पण आया किती?

किंजळ_ठाणे (धागाकर्ता)

पावसाळ्याच्या तोंडावर ठाण्यात आणि नवी मुंबईत रोपवनाची कामं निघतात. कागदावर सगळं असतं. खड्डा ४५ × ४५ × ४५ सेंमी, पिशवी केवढी, रोप किती फुटी, निगा किती वर्षं, किती टक्के जगली पाहिजेत. एकच रकाना नसतो: ही रोपं किती झाडांच्या बियांची आहेत, म्हणजे त्यांच्या आया किती?

धागा त्या रकान्यासाठी. येऊर, पारसिक, खारघर इथल्या उतारांवरचं रोपवन, शहापूर-मुरबाडकडची सागाची तोड, खाडीतली तिवरं. तिन्हीकडे आपण जे करतो त्याने पुढच्या पिढीतला जनुकांचा साठा टिकतो की आटतो, यावर ज्यांना नेमकं माहीत आहे त्यांनी लिहावं. 'झाडे लावा, झाडे जगवा' इथे नको, त्याला इतर धागे पडलेत.

सुरुवात हिशोबाने. दोन हेक्टर, २ × २ मीटर अंतर, म्हणजे ५००० रोपं. बारा जाती धरल्या तर जातीमागे चारशेच्या आसपास. समजा ऐनाची ४०० रोपं पाच झाडांखालच्या बियांतून आली. आता एखादा अ‍ॅलील (एकाच जनुकाचं एखादं रूप) रानात ५ टक्के आहे असं धरू. पाच झाडं म्हणजे त्या जनुकाच्या (झाडामागे दोन) दहा प्रती. त्या दहांत हा अ‍ॅलील निदान एकदा असण्याची शक्यता ४० टक्के. दहा झाडं घेतली तर ६४. तीस घेतली तर ९५. परागातून बापाकडची थोडी भर पडते, ती इथे धरलेली नाही. बी गोळा करताना 'किमान ३० आया, जमल्यास ५०' असं सांगतात त्यामागे हे गणित आहे.

खोच पुढे आहे. विषमयुग्मता (हेटेरोझायगोसिटी, म्हणजे झाडातल्या जनुकाच्या दोन प्रती वेगळ्या असण्याचं प्रमाण) मोजली तर पाच आयांनीही फक्त १० टक्के घट दिसते. म्हणजे अहवालात '९० टक्के विविधता राखली' असं लिहिलं तर ते खोटं नसतं. तरी ५ टक्केवाले दुर्मीळ अ‍ॅलील निम्म्याहून जास्त गळालेले असतात. नवी कीड आली किंवा पाऊस लांबला, तर कामी येणारं रूप त्या गळालेल्यांतलंही असू शकतं.

गणिती_कावळा

हिशोब बरोबर आहे, पण तुम्ही उदार मनाने धरलाय. पाचही आयांनी सारखं बी दिलं असं मानलंत. रानात तसं होत नाही.

दहा झाडांवरून बी आणलं. त्यातलं एक रस्त्यालगत, लगडलेलं, खालच्या फांद्या हाताशी. ६० टक्के बी त्याचंच, उरलेल्या नऊ झाडांचं मिळून ४० टक्के. प्रत्येकाच्या वाट्याचा वर्ग करा, बेरीज करा, १ ला तिने भागा. ०.३६ अधिक ०.०१८ म्हणजे ०.३७८. उत्तर २.६. नोंदवहीत दहा आया, खऱ्या अर्थाने अडीच.

आणखी एक. एकाच आईची हजार रोपं लावा नाहीतर लाखभर. बाप वेगवेगळे आणि एकमेकांशी नातं नसलेले असले, तरी त्या सगळ्या सावत्र भावंडांची प्रभावी संख्या (विविधतेच्या हिशोबाने ती किती बिननात्याच्या झाडांएवढी भरतात) ४ च्या वर जात नाही. म्हणून रोपांची संख्या वाढवून आयांची तूट भरून निघत नाही.

नर-मादी झाडं वेगळी असणाऱ्या जातींत (कोकम, टेंभुर्णी, मोई) अजून एक गाळणी लागते. ४ × नर × माद्या भागिले एकूण. वीस माद्या आणि पाच नर राखले तर ४ × ५ × २० ÷ २५ = १६. पंचवीस झाडं उभी, हिशोबाला सोळा. कोकमाचे 'फळ न देणारे' नर कापण्याची हौस असलेल्यांनी हे एकदा मांडून बघावं.

घणसोली_रोपवाटिका

मग बी गोळा करण्यापासूनच सांगते. गळती कुठे होते ते दिसलं तर उपाय सोपे आहेत.

आई निवडताना दोन झाडांत निदान ५० मीटर, शक्य तिथे १०० मीटर अंतर ठेवायचं. जवळची झाडं बहुधा एकाच आईखाली उगवलेली भावंडं असतात. माळावर एकटं उभं असलेलं झाड टाळायचं. त्याला शेजारी नसतो, त्यामुळे स्वपरागणाचं बी जास्त. हंगामाच्या अगदी सुरुवातीचं आणि शेवटचं बीही नको. त्या दिवसांत आजूबाजूला फुललेली झाडं कमी असतात, म्हणजे बापही कमी.

झाडाच्या एका फांदीवरून पोतं भरायचं नाही. वरून, मधून, चारही बाजूंनी थोडं थोडं. खैराच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. बाभूळवर्गातल्या झाडांचे परागकण सुटे नसतात, सोळा-सोळांच्या पुडीत चिकटलेले असतात. एक पुडी पोचली की अख्खी शेंग तिच्यावरच भरते. म्हणजे एका शेंगेतल्या बिया बहुधा सख्खी भावंडं. पन्नास शेंगांतून प्रत्येकी दोन बिया घेतल्या तर पन्नास बाप मिळण्याची संधी असते. दहा शेंगा पूर्ण सोलल्या तर फार तर दहा.

प्रत्येक आईची पिशवी वेगळी. कापडी किंवा गोणपाटाची, प्लास्टिकची नको, ओल धरून बुरशी येते. पिशवीत चिठ्ठी आणि बाहेरही चिठ्ठी. सगळं बी एका ढिगात ओतून मग 'मिक्स स्थानिक बी' असं लिहिलेलं पोतं आलं की समजायचं, हिशोब तिथेच संपला.

सारखं वाटप वजनावर करायचं नाही. सागाची फळं एका किलोत हजारभरही बसतात आणि तीन हजारही, झाडावर अवलंबून. एक एक किलो घेतलं की बारीक फळांच्या आईची रोपं तिप्पट होतात. मोजूनही पुरत नाही, कारण एका आईचं बी ७० टक्के उगवतं, दुसरीचं १५. समानता बियांत नाही, पिशवीत रोप बदलताना आणायची. गादीवाफ्यावर प्रत्येक आईची ओळ वेगळी ठेवा आणि तिथून प्रत्येकीची सारखी रोपं उचला. ४०० रोपं आणि ३० आया असतील तर आईमागे १३-१४.

किंजळ_ठाणे

घणसोली ताई, सागाबद्दल अजून लिहाल का? ठाण्यात सागाची रोपं सगळ्यांत जास्त बनतात आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त घोळही तिथेच होतो.

घणसोली_रोपवाटिका

सागाचं फळ कठीण असतं, आत चार कप्पे, बी एक-दोनच धरलेलं. म्हणून १२ तास भिजवणं आणि १२ तास उन्हात वाळवणं, असं आठवडा-दोन आठवडे करतात. तरी उगवण एकदम होत नाही. काही फळं पंधरवड्यात फुटतात, काही महिना-दीड महिन्याने, काही तर वाफा तसाच ठेवला तर पुढच्या पावसाळ्यात.

रोपवाटिकेत घाई असते. पहिल्या लाटेची रोपं उचलली की वाफा मोडून दुसरं पीक. लवकर उगवणं हा गुण काही अंशी आईकडून येतो. त्यामुळे वाफा लवकर मोडला की उशिरा उगवणाऱ्या आया रोपवनातून बादच होतात. कुणी ठरवून निवड केलेली नसते, घाईनेच निवड होते. उपाय असा की वाफा निदान दोन महिने हलवायचा नाही, आणि कमी उगवणाऱ्या आयांची फळं आधीच जास्त पेरायची.

दुसरी गळती छाटणीत. 'दीड फुटाखालची रोपं बाद' असा सरसकट नियम लावला की बुटकी रोपं देणाऱ्या आईचा अख्खा वंश उकिरड्यावर. छाटणी करायचीच, पण ओळीच्या आत: प्रत्येक आईच्या ओळीतली सगळ्यांत कमजोर दहा-वीस टक्के काढा. सगळ्या वाफ्याला एकच पट्टी लावू नका.

सागाचे स्टंप करतात तेव्हाही तेच. वर्षभराचं अंगठ्याएवढं जाड रोप उपटून मूळ १५-२० सेंमी आणि वरचा दांडा २-३ सेंमी ठेवून छाटलं की सगळे स्टंप सारखेच दिसतात. जुड्या बांधतानाच आईचा क्रमांक लावला नाही तर पुढे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

साधासरळ

थोडा विरोध करतो. एवढं कशाला? जंगल हजारो वर्षं स्वतःच बी टाकतंय, कुणी आया मोजल्या होत्या? इथे रोप जगलं तरी मिळवलं अशी अवस्था. उन्हाळ्यात पारसिकवर वणवा लागतो, तिथे तुमचा दुर्मीळ अ‍ॅलील पाणी घालणार आहे का?

खुंट_आणि_फुटवे

साधासरळ, जंगल मोजत नाही, कारण त्याच्याकडे आया हजारोंनी असतात आणि वारा, माश्या, वटवाघळं फुकट काम करतात. आपण रोपवनात तो टप्पा आपल्या हातात घेतला. मग मोजणंही आपल्याकडेच आलं.

वणव्याचा मुद्दा मात्र बरोबर आहे, फक्त वेगळ्या बाजूने. दरवर्षी वणवा लागणाऱ्या उतारावर बियांतून आलेली रोपं मरतात आणि जुन्या मुळांतून फुटणारी झाडं टिकतात. हिरवळ दिसते, पण त्यात नवी पिढी नसते. जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) पाऊस संपल्यावर, गवत वाळायच्या आत काढली तर त्या उतारावर विविधतेसाठी त्याहून स्वस्त काम दुसरं नाही. रोपवनाच्या आधी तीन वर्षं वणवा आणि चराई थांबवून आपोआप काय येतं ते बघा. उगवलेल्या पोरांची जनुकं आसपासच्या सगळ्या झाडांची असतात, पाच झाडांची नव्हे.

आता फुटव्यांकडे. शहापूर-मुरबाडकडच्या सागाच्या कूपांत (तोडीसाठी आखलेल्या वनाच्या तुकड्यांत) खुंटाच्या फुटव्यांवर पुढचं रान उभं करायची जुनी पद्धत आहे, फेरा साधारण ४० वर्षांचा, मधे काही झाडं राखून ठेवतात. खुंट जमिनीपासून १५ सेंमीच्या आत, धारदार कुऱ्हाडीने, साल न फाडता आणि पाणी ओघळून जाईल असा तिरपा तोडायचा. झाडाला पालवी यायच्या आधी. नंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुटव्यांची विरळणी करून खुंटामागे एक-दोन जोमदार दांडे ठेवायचे.

याचा जनुकांवर परिणाम दोन्ही बाजूंनी होतो, म्हणून 'फुटवा वाईट' असं सरसकट म्हणू नये. खुंट जिवंत आहे तोवर त्या झाडाची जनुकं जशीच्या तशी रानात असतात. शंभर वर्षं तोडलं तरी साठा फारसा गळत नाही. फक्त नवं मिश्रण होत नाही. आणि फेऱ्यागणिक काही खुंट मरतात. त्या मोकळ्या जागा एकाच रोपवाटिकेच्या एकाच खेपेने भरल्या की हळूहळू रानाचा पोत बदलतो. रिकाम्या जागांसाठी त्याच कूपातल्या राखलेल्या झाडांचं बी वापरायचं, एवढी एक अट घातली तरी पुष्कळ.

फेरा छोटा असेल तर गोष्ट वेगळी. जळणासाठी दर चार-पाच वर्षांनी छाटलेलं झाड फुलायच्या वयाला पोचतच नाही. मग त्या भागातली पुढची सगळी पिढी त्या मोजक्या राखलेल्या झाडांची. रान दाट असतं आणि आई-बाप मूठभर.

बी गोळा करणाऱ्यांना एक सूचना: एका खुंटातून आलेले तीन दांडे म्हणजे तीन झाडं नव्हेत, एक आई. शिसव, पळस, टेंभुर्णी मुळांतूनही फुटतात. दहा मीटरवरचा दांडा तेच झाड असू शकतं. ५० मीटरची अट म्हणूनही पाळायची.

साधासरळ

आपोआप येणाऱ्या पोरांचा मुद्दा पटला. बाकी बघू.

दगडी_पाला

निवड तोडीबद्दल कुणी लिहिलं नाही. सरळ, उंच, जाड झाडं नेली की वेडीवाकडी उरतात आणि पुढची पिढी वाकडी होते, असं सगळे म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. खोडाची वाढ आणि जाडी यांचा वारसा (आईबापांकडून येणारा वाटा, पूर्ण असेल तर १) झाडांत साधारण ०.१ ते ०.३ इतकाच धरतात. म्हणजे वाकडेपणा बराचसा जागेमुळे, सावलीमुळे, गुरांनी शेंडा खाल्ल्यामुळे. एका तोडीने वंश बिघडत नाही. प्रत्येक वेळी त्याच नजरेने, चार-पाच पिढ्या तोडत राहिलं तर बिघडतो.

खरा तोटा घनतेचा. खैर घ्या. काथासाठी मोठी झाडं नेली की उरलेल्या दोन फुललेल्या खैरांत अंतर वाढतं. माशी एकाच झाडावर जास्त वेळ फिरते, स्वतःचाच पराग स्वतःला. त्या झाडाला शेंगा दिसतात, पण पोकळ बिया जास्त आणि उगवलेल्यांत कमजोर रोपं जास्त. तोडीची खूण करताना 'सगळ्यांत जाड' एवढीच कसोटी लावायची नाही. बी धरणारी झाडं पसरून राखायची, एका कोपऱ्यात गठ्ठ्याने नाही. हेक्टरी किती राखली यापेक्षा राखलेल्यांत अंतर किती, हे आधी बघा.

घणसोली_रोपवाटिका

याची एक खूण रोपवाटिकेत डोळ्यांना दिसते. वाफ्यात कधी कधी पांढरी फटफटीत रोपं येतात, दहा-बारा दिवसांत मरतात. हरितद्रव्याचा दोष दडलेला असतो, दोन्हीकडून आला की रोप पांढरं. एखाद्या आईच्या ओळीत २०० रोपांत १० पांढरी असतील, म्हणजे ५ टक्के, तर त्याला चारने गुणा: त्या आईचं साधारण २० टक्के बी स्वपरागणाचं. (दोष आईत एकेरी आहे, म्हणजे स्वपरागणाच्या चार रोपांत एक पांढरं, आणि आसपासच्या झाडांत विरळ आहे असं धरून.) डीएनएची तपासणी न करता एवढं कळतं. पण त्यासाठी ओळी आईनुसार हव्यात. मिसळलेल्या वाफ्यात पांढरी रोपं दिसतात आणि लगेच 'खत कमी पडलं' म्हणून युरिया मारला जातो!

ऐरोली_खाडी

खाडीकडे या आता. ठाणे खाडीत तिवर सगळ्यांत जास्त, तिचं बी पावसाळ्यात पडतं. साल गळून पडली की ते चिखलात लगेच मूळ धरतं, म्हणून बरंचसं बी आईच्या आसपासच रुजतं. रोपवाटिकेसाठी एका झाडाखालून घमेलं भरणं हे रोपवनातल्या पोत्याहून वाईट.

सोपी युक्ती: भरती ओसरल्यावर काठाला कचऱ्याची रेघ राहते. त्या रेघेतलं बी कितीतरी झाडांचं मिसळलेलं असतं. निसर्गाने फुकटात ढवळून दिलेलं. दोन-तीनशे मीटर चालत थोडं थोडं उचला. भोकं पडलेलं, काळं झालेलं बी नको, टणक आणि साल सुटत असलेलं घ्या. आठवड्याभरात पेरा. हे बी साठवत नाहीत, वाळलं की मेलं.

चिप्पीचं उलटं आहे. पांढरी चिप्पी २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष झाली, मागणी वाढली. एका फळात शंभराच्या वर बिया. वाफा भरायला वीस-पंचवीस फळं पुरतात, ती दोन झाडांवर सहज मिळतात आणि तिथेच काम थांबतं. फळं वीस हवी असतील तर वीस झाडांवरून एक एक. रोपं तेवढीच, पण आया दहापट.

आणि मोकळा चिखल असेल, भरती-ओहोटीचं पाणी नीट येत असेल, तर लावूच नका. पाण्याची वाट अडली असेल तर ती उघडा. बी येतंच.

किंजळ_ठाणे

भरतीच्या रेघेची गोष्ट फार आवडली.

वडाबद्दल मला स्वतःला एक मुद्दा मांडायचाय. रस्त्याकडेला वड लावताना मनगटाएवढ्या फांद्या रोवतात. एका झाडाच्या पन्नास फांद्या म्हणजे एकच वड पन्नास ठिकाणी. वड-पिंपळ-उंबराचं परागण ज्या बारीक गांधीलमाश्या करतात त्यांचं आयुष्य एक-दोन दिवसांचं. एका झाडाची फळं एकदम पिकतात, माशी बाहेर पडते आणि तिला त्याच वेळी दुसऱ्या अवस्थेतलं झाड हवं असतं. पूर्ण रांग एकाच झाडाची असेल तर बहुधा सगळी एकाच चालीने चालणार. परागाची तशी चिंता नाही. नामिबियात एका उंबरवर्गीय झाडाच्या अभ्यासात या माश्यांनी १६० किलोमीटरपर्यंत पराग नेलेला आढळला. पण येणाऱ्या माशीला उघडं दार तरी हवं.

गणिती_कावळा

क्लोनबद्दल (एकाच झाडाच्या हुबेहूब प्रती) एक ओळ माझीही. सुबाभळीवर १९८० च्या दशकात पॅसिफिकपासून आशियापर्यंत पसरलेली चिलटासारखी कीड, २००० नंतर दक्षिण भारतात निलगिरीच्या क्लोनांवर पानांना गाठी आणणारी गांधीलमाशी. दोन्ही वेळा मार बसला तो जनुकांचा पाया अरुंद असलेल्या लागवडींना. ऊतिसंवर्धित सागाची जाहिरात वाचताना 'किती क्लोन?' एवढं विचारावं. उत्तर एक आकडी आलं तर बांधावर लावा, रानात नको.

मुरबाडी

स्थानिक बीच वापरावं, हा नियम सगळ्यांच्या वर हवा. विदर्भातल्या सागाचं बी कोकणातल्या पावसात कशाला? इकडे जूनपासून अडीच-तीन हजार मिलिमीटर कोसळतो, तिकडे त्याच्या निम्मा. भारतातल्या सागांत दक्षिणेकडचा पश्चिम घाट आणि मध्य भारत असे वेगळे गट जनुकांवरूनही दिसतात. तिकडचं झाड इकडे वेगळ्या वेळी पालवेल, वेगळ्या वेळी फुलेल.

दगडी_पाला

तत्त्व मान्य. पण 'स्थानिक' म्हणजे किती? नवी मुंबईतल्या डोंगरावर उरलेली शिसवाची सात झाडं, चहूबाजूंनी इमारती. त्यांचंच बी 'स्थानिक' म्हणून वापरलं तर सात आयांचं आणि नात्यातलं. अशा वेळी सारख्या पावसाच्या, सारख्या उंचीच्या पट्ट्यातली सगळी रानं एक धरावीत: येऊर, तुंगारेश्वर, कर्नाळा, माथेरानचा पायथा. तिथून प्रत्येकी आठ-दहा आया. अंतरापेक्षा पाऊस आणि माती जुळली पाहिजे.

मुरबाडी

तुंगारेश्वर ते कर्नाळा हा पट्टा मला मान्य. पण हे एकदा सैल सोडलं की ठेकेदार आंध्रातून ट्रक आणतो आणि 'सारखा पाऊस' म्हणतो. म्हणून नियम घट्ट हवा. दुर्मीळ जातींसाठी अपवाद लेखी.

खुंट_आणि_फुटवे

तपासणी कुणाला करायची असेल तर एक चूक टाळा. मोठ्या झाडांचीच पानं तपासून 'विविधता उत्तम' म्हणू नका. ऐंशी-शंभर वर्षांचं झाड रान सलग होतं त्या काळचं. इमारती आणि रस्ते आल्यानंतर काय झालं ते त्यात दिसत नाही, ते पोरांत दिसतं. तीस मोठी झाडं आणि त्याच ठिकाणची तीस लहान रोपं, दोन्ही तपासा. कोवळं पान सिलिका जेलच्या पुडीत घालून वाळवायचं, पुडीवर क्रमांक. मायक्रोसॅटेलाइटच्या (डीएनएतले झाडागणिक बदलणारे छोटे तुकडे) आठ-बारा जागा पाहिल्या तरी दोन पिढ्यांतला फरक दिसतो. मोठ्यांत अ‍ॅलील जास्त आणि पोरांत कमी, अंतःप्रजननाचा (नात्यातल्या नात्यात संकराचा) आकडा पोरांत वर, म्हणजे गळती चालू आहे.

जुन्या झाडांवरून आठवलं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर शहरातल्या वृक्ष कायद्यात ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात आणि तोडलेल्या झाडाच्या वयाएवढी रोपं लावावी लागतात. साठ वर्षांच्या झाडामागे साठ रोपं. ती साठही एकाच आईची निघाली तर कावळेदादांच्या हिशोबाने चारच. तोडीची परवानगी मिळालीच असेल, तर तोडीआधीचा फळांचा हंगाम गाठून त्या झाडाचं बी घ्या, पण दुसऱ्या तीस आयांच्या बियांत एक आई म्हणून.

साधासरळ

बरं, हरलो. रकाना नक्की कसा हवा ते सांगा. निविदेत घालता येईल असा, दोन पानांचं प्रवचन नको.

किंजळ_ठाणे

निविदेत एवढं पुरे:

जात, बी गोळा केल्याची तारीख, ठिकाण (वनखंड किंवा गाव, जीपीएस), आयांची संख्या, दोन आयांतलं किमान अंतर, सगळ्यांत जास्त रोपं देणाऱ्या आईचा वाटा टक्क्यांत.

अट: जातीमागे किमान ३० आया, कुणाही एकीचा वाटा १० टक्क्यांच्या वर नाही. दुर्मीळ जातीत तीस मिळाल्या नाहीत तर मिळतील तेवढ्या, कारण लिहून.

लावताना भावंडं शेजारी नकोत, नाहीतर वीस वर्षांनी तीच एकमेकांना पराग देतील. त्यासाठी रोपं ट्रकमध्ये चढवण्याआधी क्रेट भरताना एका क्रेटमध्ये जेवढ्या पिशव्या बसतात तेवढ्या वेगवेगळ्या आयांच्या भरायच्या. खड्ड्यावर मजूर क्रेटमधून ओळीने रोपं काढत जातो, मिश्रण आपोआप होतं. जागेवर पोचल्यावर मिसळायला कुणाला वेळ नसतो. आणि पुढे पाच-सहा वर्षांनी विरळणी येईल तेव्हा एकाआड एक ओळ काढा, 'जाड ठेवा, बारीक काढा' लगेच नको.

साधासरळ

आईचा क्रमांक पिशवीवर मार्करने लिहिला तर चालेल?

घणसोली_रोपवाटिका

नाही चालणार. मार्कर उन्हात दोन महिन्यांत उडतो आणि काळ्या पिशवीवर मुळात दिसतच नाही. वाफ्याच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बॉलपेन जोरात दाबून क्रमांक कोरायचा, शाई गेली तरी खळगा राहतो. बियांच्या पिशवीतल्या चिठ्ठीला साधी पेन्सिल, ती पाण्याने जात नाही. आणि रोपांच्या पिशव्यांना आईप्रमाणे रंगीत सुतळी बांधू नका, तीस रंग बाजारात मिळत नाहीत. दहा रंग घ्या आणि गाठी एक, दोन, तीन.